माईक बंद ठेवून आशीर्वाद द्यावेत

छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पोरांना एकच गोष्ट घोकून घोकून सांगितली: आधी सूचना वाचा, मग पेपर सोडवा. आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच्या लेकीच्या वेळी सूचना मी वाचली, चष्मा पुसून दोनदा वाचली, आणि सोडून दिली. न कळून सोडली असती तर निदान अडाणी म्हणून तरी सुटलो असतो.

बावड्यात मला मिसाळ गुरुजी म्हणतात. माझी करुणा लहान मुलांची डॉक्टर आहे. सरकारी कॉलेजातून, स्वतःच्या मार्कांवर एम.डी. झाली आणि इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात लागली. तिथं पहिल्याच वर्षी तिला एका गोष्टीनं पछाडलं. दिवस भरायच्या आत जन्मलेली, किलो-सव्वा किलोची बाळं तिथं ठेवता येत नाहीत, ॲम्ब्युलन्समधून पुण्याला धाडावी लागतात. ती म्हणायची, "आण्णा, गाडीनं भिगवण ओलांडलं की मी घड्याळ बघत बसते. फोन न्हाय आला तर बाळ पोचलं. आला तर रस्त्यातच गेलं."

त्या बाळांवर उपचार करायचं शिक्षण तिला घ्यायचं होतं. मुंबईच्या एका मोठ्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात दोन वर्षं निवासी डॉक्टर म्हणून राहायचं, शिकायचं आणि परत इंदापूरला यायचं. जागा दोन, अर्ज सव्वादोनशे. परत येईन म्हणणारे पुष्कळ असतात. करुणा म्हणाली की करते, हे मी बाप म्हणून नाही, मास्तर म्हणून सांगतो.

पूर्वी असल्या निवडीला माणूस उठून जायचा. तिच्या डॉक्टरकीच्या प्रवेशाला मी तिच्याबरोबर पुण्याला गेलो होतो, फाईल छातीशी धरून. हॉलच्या दाराशी शिपाई म्हणाला, "पालकांनी बाहेर थांबायचं." आम्ही दहा-बारा बाप जिन्याच्या पायऱ्यांवर चार तास बसून होतो. एकमेकांना शेंगदाणे दिले, एकमेकांच्या पोरांचे मार्क विचारले आणि मनातल्या मनात जळलो. पण दार बंद होतं. बंद दाराचा एक उपकार असतो, बापाला आपली जागा कळते.

आता दारच राहिलं नाही. करोनात त्या हॉस्पिटलनं सगळं लॅपटॉपवर आणलं, आणि रोग गेला तरी लॅपटॉप गेला नाही. अर्ज ऑनलाइन, शिफारसपत्रं ऑनलाइन. मग एक फेरी अशी, की पडद्यावर प्रश्न येतो, समोर माणूस नाही, काणूस नाही, आणि नव्वद सेकंदांत कॅमेऱ्याकडं बघून बोलायचं. कोपऱ्यात आकडे उलटे पळत असतात. आमचं घर रस्त्याला लागून. उसाचे दिवस, दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, आणि प्रत्येकावर वरातीत शोभतील असे स्पीकर. हे क्षेत्र का निवडलं, असा पहिला प्रश्न आला, करुणानं तोंड उघडलं आणि बाहेरून 'आला रे आला' सुरू झालं.

"आण्णा, पुसता येत न्हाय ह्यात. एकदाच हाय," ती रडवेली होऊन म्हणाली.

मी तसाच बनियनवर रस्त्यात जाऊन उभा राहिलो आणि हात आडवा करून पुढचा ट्रॅक्टर अडवला. चालवणारा माझाच जुना विद्यार्थी निघाला. "काय झालं गुर्जी?" "पाच मिनिटं गाणं बंद ठेव. आत परीक्षा हाय." पोरानं गाणं बंद केलं, इंजीनसुद्धा बंद केलं. मागं सात ट्रॅक्टर थांबले. करुणाचे उरलेले तिन्ही प्रश्न शांततेत झाले. मुलाखतीला जे तीस जण बोलावले त्यात तिचं नाव आलं, तेव्हा तिनं माझ्या पाया पडून सांगितलं, "आण्णा, हे तुमच्यामुळं." तिथंच माझं डोकं फिरलं. ह्या नव्या पद्धतीत बापालाही काम आहे, असं मला वाटायला लागलं.

मुलाखतीचं ईमेल तिनं माझ्या मोबाईलवर पाठवलं, झेरॉक्सच्या दुकानातून दोन प्रती काढून आणायला. दिवस, वेळ, आत जायची लिंक आणि खाली अटी. पाठीमागं भिंत कोरी असावी. खोलीत उमेदवाराशिवाय कुणी नसावं. लिंक इतर कुणालाही देऊ नये.

पहिल्या अटीसाठी मी स्टूल घेऊन आलो. आमच्या बैठकीच्या मोठ्या भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे, घर बांधलं त्या दिवसापासून. मी स्टुलावर चढणार एवढ्यात करुणा म्हणाली, "फोटोला हात लावायचा न्हाय, आण्णा. मी खुर्ची फिरवते." तिनं खुर्ची फिरवली. पाठ स्वयंपाकघराच्या कोऱ्या भिंतीला आणि तोंड फोटोंकडं. मी स्टूल उचलून गुपचूप परत नेलं. छत्तीस वर्षं चौदा एप्रिलला भाषणं ठोकणारा माणूस मी, आणि स्टूल माझ्या हातात होतं, तिच्या नाही.

आता तिसरी अट. ती मी का पाळली नाही हे कळायला आमची भावकी समजून घ्यावी लागेल. 'मिसाळ परिवार, बावडा' नावाचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, माणसं चव्वेचाळीस, ॲडमिन मी. करोनात माझ्या पुतण्याचं, रविंद्रचं लग्न झालं ते पंचवीस माणसांत, बाकी सगळे लिंकवर. मग बारसं लिंकवर, आमचे चुलते वारले तर त्यांचा जलदान विधीही लिंकवर. तेव्हापासून आमच्यात लिंक म्हणजे पत्रिका. ती सगळ्यांना गेली पाहिजे, आणि एखाद्याला चुकली तर तो जन्मभर काढतो. जलदान विधीची लिंक माझ्या थोरल्या बहिणीला, रंगुबाईला जायची राहिली, तर ती दीड वर्ष माझ्या घरचं पाणी प्यायली नाही.

ती सोमेश्वरनगरला असते, मुलगा कारखान्यात आहे. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तिचा फोन आला. "भानुदास, पोरीची मुलाखत हाय म्हनं मुंबैची. सगळ्या गावाला म्हायती, अन् आत्याला लिंक न्हाय व्हय रं?"

"आक्का, ती लग्नाची लिंक न्हाय, सरकारी कामासारखं हाय ते."

"मग काय आमी बगू बी नये? मी का तितं येऊन जेवायला मागनार हाय? लांबून आशीर्वाद दीन म्हनलं. ऱ्हाऊ दे. आमी अडानी मानसं."

मी ईमेल पुन्हा उघडलं. लिंक कुणाला देऊ नये. आणि मला, मास्तराला, वाटलं काय? लग्नपत्रिकेवर 'आहेर आणू नये' छापतात, तसलंच हे. लिहायचं म्हणून लिहितात. आणि एकट्या आक्काला पाठवली तर बाकी सगळा ग्रुप रुसेल. म्हणून मी ग्रुपवर टाकलं, शुद्धलेखन तपासून: 'आपल्या परिवाराची कन्या डॉ. करुणा हिची मुंबई येथील नामांकित हॉस्पिटलसाठी मुलाखत उद्या सकाळी ठीक ११ वाजता. सर्वांनी वेळेवर उपस्थित राहून, माईक बंद ठेवून आशीर्वाद द्यावेत. भानुदास मिसाळ सर.' करुणा त्या ग्रुपचे मेसेज कधी उघडत नाही, अभ्यासाच्या दिवसांत तर नाहीच. खाली चाळीस हात जोडले गेले. मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नवरा-बायको स्वयंपाकघरात बसलो. कुकर बंद, मिक्सर बंद, शेजारचं कुत्रं मागच्या आळीला बांधून ठेवलेलं. माझ्या हातात मोबाईल, माईक बंद करून, कानात वायर. पडद्यावर अक्षरं होती, थांबा, तुम्हाला आत घेतलं जाईल. मधल्या दाराच्या पडद्याच्या फटीतून करुणाची मान दिसत होती, आणि तिचा आवाज येत होता, स्वच्छ, ठाम. पाच-सात मिनिटं झाली. मग त्या हॉस्पिटलच्या कुणा ऑपरेटरनं बाहेर ताटकळलेल्या सगळ्यांना एकदम आत सोडलं. का, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

समितीचे तिघं होते. मधले अध्यक्ष, पिकल्या केसांचे. एक बाई. एक तरुण डॉक्टर, मागं पुस्तकांचं खोटं कपाट. आणि त्यांच्याभोवती चौकोनात चौकोन उघडायला लागले. रविंद्र कारखान्याच्या वजनकाट्यावरून. एका चौकोनात नावाच्या जागी नुसतं 'ओप्पो ए सतरा'. रंगुआक्काचं अर्धं कपाळ आणि फिरता पंखा. मी मोजले, सव्वीस.

अध्यक्षांनी इंग्रजीत विचारलेलं होतं, बत्तीस आठवड्यांचं बाळ आहे, तासाभरातच धाप लागली, पहिलं काय करशील? करुणानं बोलायला सुरुवात केली होती आणि ती थांबली. पडद्यावर काय उगवलं ते तिला दिसत होतं.

ती थांबली, आणि आक्काला वाटलं पोरगी घाबरली. "सांग गं माजी बाय! भिऊ नगंस! सांग!"

"आत्या, माईक बंद करा," रविंद्र ओरडला, त्याचाही माईक चालू.

"कंचा माईक?"

"करुणा, जय भीम बाळा!" हे आमचे बार्शीचे साडू.

अध्यक्ष इंग्रजीतच म्हणाले, "डॉक्टर, ही माणसं कोण आहेत? तुम्हाला उत्तर कोण सांगतंय?"

"सर, कुणी नाही. हे माझे नातेवाईक आहेत. मला माहीत नव्हतं, सर. मी उत्तर देते. पहिल्यांदा श्वासाची नळी..."

त्या बाईंना मराठी येत होतं, आडनावावरून तरी येत असणार. आक्का काय बोलली, त्यात औषधाचं नाव नव्हतं की डोस नव्हता, हे त्यांना एका वाक्यात सांगता आलं असतं. त्या तोंडावर हात धरून हसत होत्या. तो पुस्तकांच्या कपाटवाला म्हणाला, "सभा आहे का ही?" अध्यक्ष हसले नाहीत. ते म्हणाले, नियम स्पष्ट आहेत, आणि पडदा काळा झाला. माझ्या हातातलाही झाला.

करुणा आत आली. आरडाओरडा नाही. "आण्णा, लिंक कुणी दिली?"

आणि मी म्हणालो, "कुणास ठाऊक बाई."

खोटं बोलणाऱ्या पोरांना मी अंगठे धरून उभं केलेलं आहे. तिनं मोबाईल काढला, ग्रुप उघडला, वाचला. खाली नाव होतंच, 'सर'सकट. तिनं मोबाईल माझ्यापुढं धरलासुद्धा नाही. थोड्या वेळानं ग्रुपवर एक ओळ आली, करुणा बाहेर पडली. बस्स. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे, आणि हात माझा, अवलक्षण तिच्या कपाळी.

संध्याकाळी आक्काचा फोन. "पोरगी लई ग्वाड बोलली रं. मला कायबी कळलं न्हाय, पर इंग्रजी कसं फाडफाड! फकस्त आमाला मदीच हाकलून लावलं, ते न्हाय बरं केलं त्यांनी. निकाल कवा हाय?" माझ्या तोंडात शिवी आली होती. थोरली बहीण. आपलेच दात, आपलेच ओठ. आणि खरं सांगायचं तर त्या बिचारीला शिवी कशाला, तिला अटी कुणी वाचून दाखवल्या होत्या?

सोमवारी ईमेल आलं. निवड प्रक्रियेच्या सचोटीचा भंग झाल्यामुळं ह्या वर्षाची उमेदवारी रद्द. करुणानं तीन वेळा लिहिलं, मीसुद्धा माझं नाव, वय, नोकरीची वर्षं घालून सगळा गुन्हा कबूल केला. चारही वेळा एकच उत्तर आलं, ह्या पत्त्यावर आलेली पत्रं वाचली जात नाहीत.

पुढच्या महिन्यात तिची पूर्वी नावाची कॉलेजातली मैत्रीण घरी आली. तिचा बारामतीत दवाखाना आहे, राहते जळोचीत. त्या वर्षी ज्या दोघांची निवड झाली त्यांतला एक मुलगा, अद्वय का कोण, त्याला ती ओळखत होती. म्हणाली, "काका, त्याचे मामा स्वतः मोठे डॉक्टर. मुलाखतीच्या वेळी लॅपटॉपच्या मागं, कॅमेऱ्यात न दिसता बसले होते, उत्तरं लिहून दाखवायला हातात पाटी घेऊन. त्यानंच हसत हसत सांगितलं आम्हाला." करुणा चहा ओतत होती. "ऱ्हाऊ दे पूर्वी," एवढंच म्हणाली. म्हणजे एकटा माणूस गुपचूप उत्तर सांगत असेल तर ती सचोटी. सव्वीस माणसं उघड्यावर, काही न कळता आशीर्वाद देत असतील तर तो भंग. हे मी आजही कुणापुढंही म्हणायला तयार आहे. पण त्यानं माझी चूक तसूभर कमी होत नाही, हेही जाणून आहे.

करुणा माझ्याशी बोलायची नाही असं नाही. बोलायची. आमटीत मीठ कमी आहे, टाकीत पाणी सोडा, बीपीची गोळी घेतली का. पण ॲम्ब्युलन्सनं भिगवण ओलांडल्याचं सांगणं बंद झालं. ऑक्टोबरात अर्ज पुन्हा निघाले. मी संकेतस्थळावर बघितलं आणि जेवताना हळूच विचारलं, "औंदा भरला का फॉर्म?"

"न्हाय आण्णा. आता हितंच बरं हाय." ताटातून मान वर केली नाही. मी विश्वास ठेवला. खोटं बोलायला ती घरात कुणाकडून शिकेल, असा विचार तेव्हा मनात आला नाही.

जानेवारीत एका गुरुवारी ती सकाळी सातलाच निघाली. "दिवसभर ड्युटी हाय, डबा नको." ती गेल्यावर बघतो तर तिचा पांढरा ॲप्रन खुंटीवर. धुतलेला एकच होता. मी गाडी काढली आणि इंदापूरला गेलो, म्हटलं पोरीचा खोळंबा होईल.

वॉर्डात लीलाबाई सिस्टर भेटल्या. "मॅडम? त्यांनी दोन दिस रजा टाकलीय की. जळोचीला पूर्वी मॅडमकडं हायत. आज कसलीशी मुलाखत हाय म्हनं त्यांची मोबाईलवर. तुमाला म्हायती न्हाय, गुर्जी?"

"हाय की," मी म्हणालो. "इसरलोच."

ॲप्रन परत आणला आणि होता त्याच खुंटीवर, होता तसाच, डावी बाही आत दुमडून टांगला. बायकोला सांगितलं, पोस्टात गेलो होतो. माझ्या घरात फोटोंसमोर खुर्ची होती, कोरी भिंत होती, रस्ता अडवायला बाप होता. आणि माझी लेक पन्नासेक किलोमीटर लांब, दुसऱ्याच्या घरात, आतून कडी लावून बसली होती. कडी माझ्यासाठी होती. राग आला मला, खोटं कशाला बोलू? तिचा आला, मग स्वतःचा आला, आणि स्वतःचा आला तो गेलाच नाही.

संध्याकाळी ती आली. मी विचारलं, "कशी झाली ड्युटी?"

"रोजच्यासारखी," ती म्हणाली, आणि ॲप्रनकडं बघून म्हणाली, "अगं बाई, हा राहिलाच की." तेवढंच. तोंडावर थोडं तेज होतं. मुलाखत बरी गेली असणार. मला ते विचारता येत नव्हतं, कारण मुलाखत झालेलीच नव्हती.

मग मी रोज तीनदा ते संकेतस्थळ उघडायला लागलो. पोरगी झोपेतसुद्धा श्वासाच्या नळ्या मोजत असेल, आणि मी तिच्याआधी निकाल बघायला टपलेला. सतराव्या दिवशी दुपारी यादी लागली. निवड झालेले दोघं, प्रतीक्षेत तिघं. पाचही नावं मी बोट फिरवून वाचली. मग खालून वर वाचली.

दिवेलागणीला ती आली. चप्पल काढली, आईला म्हणाली, डोकं दुखतंय, जेवत नाही, आणि खोलीचं दार लावून घेतलं. थोड्या वेळानं आतून आवाज यायला लागला. उशीत तोंड घातलं तरी रडणं लपत नाही, घर केवढं आमचं.

"अवो, काय झालं पोरीला?" बायको घाबरून माझ्याकडं आली.

मला सगळं माहीत होतं आणि मला काहीच माहीत असायला नको होतं. मी म्हणालो, "वॉर्डातलं बाळ गेलं म्हनं एक. आज."

ती तशीच दाराशी गेली. "करुणा, अगं बाळाचं आण्णांनी सांगितलं मला. असं जिवाला लावून घेऊ नगं. तुज्या हातात का व्हतं ते?"

आतलं रडणं एकदम थांबलं. आण्णांनी सांगितलं, म्हणजे आण्णांना कळलं. कुठून कळलं, कधीपासून कळलं, हे ती आत बसून मागं मागं मोजत असणार, खुंटीवरच्या ॲप्रनपर्यंत.

मग ती बोलली. आवाज घोगरा, पण सरळ. "व्हय आई. लई लहान हुतं गं. वाचण्यासारखं न्हवतंच."

"मग बाई, दार तरी उघड."

"उघडते. थोडा वेळ ऱ्हाऊ दे."

बायको डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली, पोरीसाठी दूध गरम करायला. मी खुर्ची ओढली आणि त्या दाराबाहेर बसलो.